बिलात न येणारं गिऱ्हाईक

मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलांत मुरलेला वेटर गाडीतून उतरणाऱ्या मुलाकडे नुसतं बघून सांगतो, हे कुटुंब नाशिकला निघालंय की नाशिकहून परततंय. निघालेलं मूल ताजं असतं. खिडकीवरून भांडण झालेलं असतं, हातात वेफर्सचं अर्धं पाकीट असतं, भूक नसते. परतणारं मूल कसारा घाट उतरून आलेलं असतं. त्याला घाटात गाडी लागलेली असते, अंगातला शर्ट बदललेला असतो, आईच्या मुठीत लिंबू असतं आणि त्याच्या पोटात काहीच नसतं. पहिल्याला काही खायचं नसतं आणि दुसऱ्याला सगळंच खायचं असतं. खर्डीपासून शहापूरपर्यंतच्या हॉटेलांत दोघांचाही भार शेवटी एकाच माणसावर येतो. तो खांद्यावर फडकं टाकून दारात उभा असतो आणि गाडीतली डोकी मोजत असतो. चार मोठी, दोन छोटी. छोटी डोकी दिसली की तो आधी टेबलावरची मिठाची डबी उचलतो.

मुरबाडकडचं प्रकरण निराळं. शहापूरच्या रस्त्याला देवाला जाणारे लोक असतात. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, वणी. देवाच्या धाकाने म्हणा, मुलं निदान जाताना तरी वळणात असतात. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे या रस्त्याने मात्र लोक माळशेज घाटात भिजायला निघतात. पावसाळ्यात गर्दी फार झाली, कुठे कोणी पाय घसरून पडलं, की प्रशासन धबधब्यांवर जायला मनाई करतं. ही मनाई वर्तमानपत्रात छापून येते, पण ती पोलिसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरी मानायची नाही अशी आपली रीत आहे. मग परत फिरवलेली गाडी टोकावड्याच्या अलीकडे कुठल्या तरी पत्र्याच्या शेडखाली थांबते. पहाटे उठवून ‘धबधबा दाखवतो’ म्हणून आणलेलं मूल आत शिरतं आणि त्याला हात धुवायचं बेसिन दिसतं. नळाच्या तोंडाला अंगठा लावला की पाणी किती लांब उडतं, हे शास्त्र कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी सगळ्या मुलांना येतं. बघता बघता बेसिनपासून गल्ल्यापर्यंत माळशेज होतो. बाप व्हिडिओ काढतो. वेटर पोतं आणून टाकतो, कारण त्याच ओल्या फरशीवरून भज्यांच्या चार प्लेटा घेऊन त्याला जायचं असतं.

आता ऑर्डरीकडे येऊ. मेन्यूकार्डात शंभरावर पदार्थ असतात, आणि मूल खातं तो एकच पदार्थ त्यात नसतो.

“भाऊ, बाळासाठी काय आहे?”

“दाल खिचडी आहे, दहीभात आहे.”

“खिचडी द्या. पण तिखट नको हं.”

“बरं, ताई.”

“फोडणी नको. मोहरी दाताखाली आली की तो थुंकतो.”

“बरं.”

“आणि जरा मऊ करायला सांगा. वर तूप. घरचं तूप असतं ना तुमच्याकडे?”

वेटर ‘हो’ म्हणतो. तूप कुणाच्या तरी घरचं असतंच.

ही ऑर्डर भटारखान्यात नेऊन सांगणं हे खरं धाडस. आत भटारी चार कढया एकदम हलवत असतो. हा बहुधा नेपाळचा नाहीतर उत्तराखंडचा, आणि त्याचं सगळं नाव फोडणीवर. त्याला ‘तिखट नको, फोडणी नको, मोहरी नको, मऊ हवी’ असं सांगितलं की तो झारा खाली ठेवून विचारतो, “कौन बीमार है?” तरीही खिचडी होते. वाफाळत टेबलावर येते. मूल तिच्याकडे एकदा बघतं आणि शेजारच्या टेबलावरच्या मंचुरियनकडे बोट दाखवतं. मंचुरियन येतं. ते लाल असतं, म्हणून तिखट असणार, म्हणून रडणं. शेवटी खिचडी आजोबांच्या पुढ्यात जाते, ज्यांनी ‘मला काहीच नको’ असं आल्या आल्याच जाहीर केलेलं असतं. आजोबा ती संपवतात आणि वेटरला बोलावून सांगतात, “बरी होती, पण फोडणी द्यायला हवी होती.”

याखेरीज जे मागवलं जातं त्याला मेन्यूत जागाच नाही. एक रिकामी वाटी. एक छोटा चमचा, तो नव्हे, त्याहून छोटा. थोडी साखर. पावडरचं दूध कालवायला गरम पाणी, मग ते फार गरम झालं म्हणून गार पाणी, मग बाटली बुडवून ठेवायला मोठं भांडं. जुनं वर्तमानपत्र असेल तर एक. वर्तमानपत्र कशाला, हे विचारायचं नसतं. मूल आडवं होताना दिसलं की वेटर समजून शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा जग हलवतो. यातलं काहीही बिलात चढत नाही. शेठच्या वहीत ते चार माणसांचं टेबल असतं. फेऱ्या मात्र सहा माणसांच्या, आणि त्यातल्या चार माणसांच्या फेऱ्या ज्याच्यासाठी झाल्या ते गिऱ्हाईक उंचीने टेबलाच्या वरही येत नाही.

जुने वेटर यावर पापडाचा उपाय करतात. मूल खुर्चीवर टेकायच्या आत त्याच्या हातात भाजलेला पापड. मूल पापड खात नाही, फोडतं. एकाचे दोन, दोनाचे आठ, आणि मग मोजदाद संपते. पण तेवढ्यात मोठ्यांची ऑर्डर लिहून होते. पापडाचं मोल चवीत नसून त्याला फुटायला लागणाऱ्या वेळात आहे, हे ओळखणारा माणूस धंद्यात टिकला. बाकीचे सुरतेला डायमंडमध्ये गेले असतील.

वेटरला आणखी एक काम बिनपगारी असतं, बागुलबुवाचं. “जेव पटकन, नाहीतर ते काका ओरडतील बघ.” काका बिचारे हातात जग घेऊन पंख्याखाली उभे असतात. आपली नेमणूक झाली आहे हे त्यांना मूल रोखून बघायला लागल्यावर कळतं. आता काय करायचं? हसावं तर आई म्हणणार, “हसू नका हो, तुम्ही हसलात की तो ऐकत नाही.” डोळे वटारावेत तर बाप खुर्ची सरकवणार. म्हणून काका मधला मार्ग काढतात, मिशीतल्या मिशीत “बाळा, जेव हां” एवढंच म्हणतात. मूल भोकाड पसरतं. मग आजी, ज्या आतापर्यंत गप्प होत्या, त्या म्हणतात, “एवढं मोठ्याने ओरडायचं असतं का लेकराला?”

धमक्यांच्याही पायऱ्या आहेत. ओरडण्याने भागलं नाही तर पोलीस. पोलिसाने भागलं नाही तर शेवटची, “आम्ही जातो निघून, काका तुला इथेच ठेवून घेतील भांडी घासायला.” हे वाक्य आलं की चाळिशीतले वेटर एकमेकांकडे बघतात, कारण त्यांना कोणीतरी खरोखरच ठेवून घेतलेलं असतं. पूर्वी प्रत्येक हॉटेलात एक ‘बारक्या’ असे. त्याचं खरं नाव मालकालाही आठवत नसे. पाच बोटं पाच ग्लासांत बुडवून तो पाणी आणायचा आणि उरलेल्या वेळात मोरीवर बसायचा. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना ढाब्यांत, हॉटेलांत आणि घरकामाला ठेवायला बंदी आली आणि बारक्या हे पद कागदोपत्री संपलं. आता गल्ल्यामागे ‘येथे बालकामगार काम करत नाहीत’ अशी पाटी असते. त्याच पाटीखाली पवईचा एक सात वर्षांचा मुलगा प्लॅस्टिकच्या बारा खुर्च्या एकावर एक रचत असतो, रविवारी, भर दुपारी, कोणी न सांगता. वेटर एकदा पाटीकडे बघतो, एकदा मुलाकडे बघतो आणि खुर्च्या परत मांडायला घेतो.

पाण्याचं तर वेगळंच पुराण आहे. शहापूरच्या कुठल्याही हॉटेलात पहिला प्रश्न असतो, “साधं का बिसलेरी?” आणि मूल बरोबर असेल तर पहिलं उत्तर असतं, “छे, छे, साधं नको, त्याला बाधतं.” आता हिशेब बघा. तानसा शहापूर तालुक्यात, १८९२ पासून मुंबईला पाजतोय. भातसा शहापूर तालुक्यात, मुंबईच्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा एकट्या भातसाचा. म्हणजे हे बाळ जन्मल्यापासून घरी ज्या धरणाचं पाणी पितं, त्या धरणाच्या उंबऱ्यावर आल्यावर त्याला बाटली लागते. मधे पांजरापूरला पाणी शुद्ध होतं हे कबूल, पण वेटरला ते सांगून उपयोग नसतो. त्याच्या पाड्यावर मार्च संपला की टँकरची वाट बघावी लागते. तो बाटलीचं सील तोडून ग्लास भरतो. मूल त्यात बोट घालतं, मग चमचा, मग पापडाचा तुकडा, आणि मग टेबलावर ओतून त्यातून गाडी चालवतं. “खेळतोय बिचारा,” आई म्हणते, “गाडीत बसून कंटाळला.” वेटर टेबल पुसतो आणि पुसता पुसता एकदाच म्हणतो, “खेळू द्या, ताई. तुमचंच पाणी हाय.”

या रस्त्यावर हॉटेलाचे दोन भाग असतात. डावीकडे परमिट रूम, उजवीकडे ‘फॅमिली’. फॅमिली ही पाटी बाहेरून फार सोज्वळ दिसते. आतल्या माणसांना विचाराल तर दुपारपाळीला कोण कुठल्या बाजूला यावरून भांडणं होतात, आणि सगळ्यांना परमिट रूम हवी असते. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण त्यांची बाजू ऐका. दारू प्यालेला माणूस सरळ चालत नाही, मूलही चालत नाही. तोही ग्लास फोडतो, विनाकारण रडतो, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतो, निघायची वेळ झाली की निघत नाही. इथवर दोघांची बरोबरी. फरक असा की प्यालेला माणूस फोडलेल्या ग्लासाचे पैसे देतो, उठताना ‘ठेव रे तुला’ म्हणून नोट खिशात कोंबतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे आईबाप बरोबर नसतात. ‘आमचा असा नाही हो, आज काय झालंय कोण जाणे’ असं त्याच्याबद्दल कोणी सांगत बसत नाही.

जगात इतरत्र लोकांनी यावर तोडगे काढून बघितलेत. दक्षिण कोरियात ‘नो किड्स झोन’ नावाचा प्रकार निघाला, म्हणजे लहान मुलं घेऊन आत यायचंच नाही. जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटने तेरा वर्षांखालच्यांना मनाई केली, ते प्रकरण तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये आयोगाने सांगितलं की हा भेदभाव आहे. त्याच वर्षी इटलीत पादुआ शहरातल्या एकाने उलटा रस्ता धरला. मुलं नीट बसली तर बिलात पाच टक्के सूट. ही दुसरी कल्पना आपल्याकडे आणली तर काय होईल, याचा विचार करवत नाही. एकतर ‘नीट बसला’ हे ठरवणार कोण? आईच्या मते तो नेहमीच नीट बसलेला असतो. आजोबा पाचाचे दहा टक्के मागतील, कारण मुलं दोन आहेत. आणि शेजारच्या टेबलाला सूट मिळाली, आम्हाला नाही, यावरून गल्ल्यावर जे होईल त्यापुढे फुटलेले ग्लास परवडले. पहिली कल्पना तर आणायचाच प्रश्न नाही. मुलं वगळली तर आसनगावपासून खर्डीपर्यंत रविवारी दुपारी कोण थांबणार? मोठी माणसं नाशिकपर्यंत उपाशी जाऊ शकतात. गाडी थांबते ती मागच्या सीटवरून ‘शू आली’ असा आवाज आला म्हणून. थांबलोच आहोत तर चहा घेऊ, चहाबरोबर काहीतरी घेऊ, काहीतरी घेतोय तर जेवूनच घेऊ. शेठचा सगळा डोलारा या एका आवाजावर उभा आहे, आणि हे शेठला माहीत असतं. म्हणून वेटर कितीही कुरकुरला तरी शेठ गल्ल्यावरून मुलांना पेपरमिंट वाटत असतो. साखर चढवून मुलं परत वेटरकडे.

गावातली मुलं गुणी आणि मुंबईची वांड, असलं काही मला म्हणायचं नाही. पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरते, खांबलिंगेश्वराची. तिथे गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, आणि बांबू-ताडपत्रीची तात्पुरती हॉटेलं. त्या हॉटेलांत आसपासच्या वाड्यापाड्यांवरची पोरं जे करतात ते पवईच्या पोरांना सुचायचंही नाही. बाकावर उभी राहतात, जिलबीच्या पाकात हात घालतात, एक तर बाकाखालून सरपटत थेट भट्टीपर्यंत जातं. पण तिथे वेटरकडे एक हत्यार असतं. “ए, तू अमक्याचा ना रं? तुझ्या बापाला सांगू का?” खल्लास. पोरगं जागच्या जागी बसतं, कारण वेटर त्याच्या बापाला खरंच ओळखत असतो, कदाचित त्याच्या मामाचा शेजारीही असतो. म्हणजे तो खराखुरा काका असतो, ओरडायचा हक्क असलेला. हायवेवर याच माणसाला ‘काका’ म्हणतात पण हक्क मात्र देत नाहीत. बापाला सांगायची सोय तर नाहीच, कारण बाप समोरच बसलेला असतो, मोबाईलवर ट्रॅफिक बघत.

बाप या प्राण्याबद्दल वेटरांचं मत फारसं बरं नाही. तो ऑर्डर देतो, बिल देतो आणि मधल्या काळात मूल पडलं तर ‘अरे अरे’ म्हणतो. त्याची तक्रार एकच, ‘किती वेळ?’ वेटरांचं खरं सख्य जमतं ते आईशी. दिसायला ती सर्वांत जास्त कटकट करते, वाटी तिलाच हवी असते, चमचा तीच परत पाठवते. पण टेबलावरची पहिली चपाती ती तुकडे करून मुलाला देते, दुसरी सासूबाईंना जाते, तिसरी येईपर्यंत मुलाला बाहेर झाडाखाली फिरवून आणायची वेळ होते. ती परत येते तेव्हा भाजीवर साय धरलेली असते आणि बाकीचे बडीशेप खात असतात. नवरा म्हणतो, “आटप लवकर, घाटात गर्दी होईल.” वेटरचंही जेवण दुपारी चारला, गार, भटारखान्याच्या दारात उभ्याने. तो काही बोलत नाही. न सांगता एक गरम चपाती तिच्या ताटात टाकतो आणि बिलात लावत नाही. शेठने हे अजून पकडलेलं नाही. हा लेख तो वाचणार नाही अशी आशा आहे.

शेठला सध्या दुसरी काळजी आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नाशिकच्या बऱ्याच गाड्या आता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून सरळ निघून जातात. घाट नाही, म्हणून गाडी लागणं नाही, म्हणून लिंबू नाही, म्हणून शहापूर नाही. गल्ल्यावर हा विषय निघाला की वेटर त्यातल्या त्यात शांत असतात. “बोगद्यात काय पोरांना शू लागत नाय?” असं त्यांचं म्हणणं.

आणि तुटलेलं गिऱ्हाईक परत आणायची एक युक्ती शेठकडे आहेच. गल्ल्याच्या वर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, एक फळी आहे. तिच्यावर लहान मुलांनी विसरलेल्या वस्तू असतात. डाव्या पायाचा एक बूट, एक स्पायडरमॅन, कानटोपी, झाकणाला चोखणी असलेली पाण्याची बाटली, एका डोळ्याचं अस्वल. मेन्यूकार्डावर हॉटेलाचा नंबर असतोच. संध्याकाळी इगतपुरीहून फोन येतो, “भाऊ, आमचं अस्वल तिथे राहिलं का हो? तो झोपतच नाहीये त्याच्याशिवाय.” मागे रडण्याचा आवाज येत असतो, म्हणजे ओळख पटायला अडचण नसते. वेटर अस्वलाचा कान धरून सांगतो, “हाय, हाय, हाय इथं.” ठरतं की परवा परतताना घेऊन जायचं.

परवा ते येतात. बोगदे सोडून, घाट उतरून, खास वाट वाकडी करून. अस्वल घेऊन दोन मिनिटांत निघायचं असतं. मग कोणीतरी घड्याळ बघतं, कोणीतरी ‘आलोच आहोत तर’ म्हणतं, आणि वेटर मिठाची डबी उचलतो. शेठने सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली आहे की टेबलाखाली काही सापडलं तर गाडीमागे धावत जाऊन द्यायचं नाही. पुसून फळीवर ठेवायचं. आणि फोन आला, तर कधी येता म्हणून विचारायचं आणि जेवायच्या वेळेला बोलवायचं.